कित्याककाकांच्या लढाया

आमच्या स्टोअरमध्ये साधा वॉशर मागायला गेलं तरी काउंटरच्या पलीकडून एकच शब्द यायचा. "कित्याक?"

मालवणीत कित्याक म्हणजे कशाला. आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या त्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये बंगाली वेल्डरांना, केरळी फिटरांना, फिलिपिनो इलेक्ट्रिशियनला, सगळ्यांना मालवणीतला हा एवढा एक शब्द येत होता. स्टोअरकीपरचं नावच मग कित्याककाका पडलं. त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. ते देवगडाकडे अजून ठणठणीत आहेत, मराठीत छापलेला कागद वडा बांधून आला तरी वाचतात, आणि हे वाचल्यावर मला काय विचारतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

बुटका माणूस. शर्टाला कडक इस्त्री, खिशात दोन पेनं. निळं पेन आयटम आणि क्वांटिटी लिहायला, लाल पेन पर्पजसाठी. कुठल्याही वर्कशॉपच्या स्लिपवर हे तीन रकाने असतात आणि कुठल्याही वर्कशॉपमध्ये तिसऱ्या रकान्यात लोक 'जॉब' असं लिहून मोकळे होतात. काकांकडे ते चालायचं नाही. तिसरा रकाना हा त्यांच्या लेखी स्लिपचा जीव होता.

एकदा एक वेल्डर दोन मीटर केबल मागायला आला. पर्पजमध्ये लिहिलं होतं, 'अर्थिंग'. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याला दोरीऐवजी रबराची गॅस्केटची पट्टी होती. म्हणाले, "भाई, सच बोलो. कित्याक?" तो बिचारा इकडेतिकडे बघत म्हणाला, "काका, रूम में कपडा सुखाने का रस्सी नहीं है." काकांनी 'अर्थिंग' लाल रेघेनं खोडलं, वर 'कपडे वाळत घालणे' असं स्वच्छ मराठीत लिहिलं, आणि स्क्रॅपमधली अडीच मीटर केबल काढून दिली. अर्धा मीटर जास्त. खरं बोलल्याबद्दल.

"ह्या बघ," मला म्हणाले, "माणूस आधी सांगता ता निमित्त. कारण तेच्या खाली असता. निमित्तावर मी बोल्ट पण देवचंय नाय. खरा कारण लिव आणि घेवन जा."

मी त्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. लेथ आमचं आणि स्टोअर त्यांचं, मध्ये एक पत्र्याची भिंत. शिवाय हिद्द गावातल्या एकाच फ्लॅटमध्ये आम्ही सहा मराठी माणसं राहत होतो. त्यामुळे दिवसातून निदान दहा वेळा तरी तो प्रश्न माझ्या वाट्याला यायचा. फ्रीज उघडला की कित्याक, घरी फोन लावला की कित्याक. नवीन माणूस आठवड्याभरात वैतागायचा आणि महिन्याभरात स्वतःच दुसऱ्यांना विचारायला लागायचा.

पण या सगळ्यापेक्षा मोठं वेड वेगळंच होतं. कित्याककाका आकाशातल्या लढाया लिहायचे.

रद्द झालेल्या स्लिपा ते घरी आणत आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहीत. अशा स्लिपांचे गठ्ठे त्यांच्या खाटेखाली तेलाच्या चार रिकाम्या डब्यांत होते. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारचं हमूर माशाचं कालवण आणि भात झाला की हात धुऊन सगळ्यांनी चटईवर बसायचं आणि काकांनी आठवड्याचं प्रकरण वाचायचं. पहिल्या शुक्रवारी मी झोपायच्या बेतानं भिंतीला टेकलो. चौथ्या शुक्रवारी मी ओव्हरटाइम नाकारून घरी आलो होतो.

त्यांच्या आकाशात चार सत्ता होत्या. वायुवाले एका अवाढव्य ग्रहाच्या धुक्यात राहायचे. त्यांना अंगच नव्हतं. शेवाळवाले इतके सावकाश, की त्यांचं एक वाक्य पुरं व्हायला अकरा वर्षं लागायची. त्यांच्याशी तह करणारा म्हातारा व्हायचा, पण एकदा तह झाला की तो मोडायलाही त्यांना तितकाच वेळ लागणार, म्हणून सगळे त्यांच्याशी युती करायला धडपडायचे. मग कवचवाले. हे काकांनी देवगडच्या खाडीतून उचलून थेट आकाशात नेऊन ठेवले होते. खेकडा जुनं कवच टाकतो तेव्हा नवं कवच टणक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो, कुणीही यावं आणि खाऊन जावं. कवचवाल्यांचं तेच. एरवी अख्ख्या आकाशाला धाकात ठेवणारे, पण कात टाकायचे दिवस जवळ आले की मैत्रीचे हात पुढे. आणि चौथे दीपवाले. यांचं अंग मनातल्या गोष्टीप्रमाणे उजळायचं, मालवायचं. त्यांना खोटं बोलताच येत नसे, म्हणून त्यांच्या दरबारी वकिली करायला नेहमी परके लोक नोकरीला असत.

"काका, यात माणसं कुठं आहेत?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"माणसा हय आसत तितकी पुरे," काका म्हणाले. "तेंका आणि आकाशात कित्याक न्हेवची?"

काकांच्या राज्यात कुणालाही फुकट लढाई मिळत नसे. ज्या सत्तेला युद्ध करायचं असेल तिनं आधी स्लिप भरायची. काय हवं, किती हवं, कशासाठी हवं. वायुवाल्यांनी एकदा शेजारच्या ग्रहावर चाल करायची स्लिप भरली. पर्पज : जमीन. काकांनी ती भर चटईवर फाडली.

"वाऱ्याक जमीन कित्याक होयी? जमीन ह्या निमित्त. तेका बसाक भांडा होया!"

पुढच्या शुक्रवारी वायुवाल्यांनी खरं कारण लिहिलं. हजारो वर्षं नुसतं भटकून त्यांना कंटाळा आला होता. कुठेतरी आत मावून बघायचं होतं. शेजाऱ्यांनी त्यांना एक प्रचंड घागर घडवून दिली. युद्ध तिथेच मिटलं आणि आमचा लालबागचा वायरमन, जो वायुवाल्यांचा कट्टर पाठीराखा होता, त्यानं आनंदानं सगळ्यांना चहा केला. हो, आमच्यात पाठीराखे होते. लोक आठवडाभर काकांची मनधरणी करायचे. भांडी घासून द्यायची, इस्त्री करून द्यायची, आणि हळूच म्हणायचं, "काका, शेवाळवाल्यांना यंदा युतीत घ्या की." काका इस्त्री करून घ्यायचे आणि युती नाकारायचे.

त्यांची सगळ्यात जुनी आणि लाडकी युती कवचवाले आणि दीपवाले यांची होती. तीनशे वर्षांची. कवचवाले मऊ असताना दीपवाल्यांनी झगझगीत उजेड करायचा म्हणजे शत्रूचे डोळे दिपतील. बदल्यात दीपवाल्यांच्या वतीनं खोटं बोलायचं काम कवचवाल्यांनी करायचं. युतीची खूण म्हणून दोघांनी आपापले चंद्र एका दोरखंडानं एकमेकांना बांधले. या दोरखंडाचीही काकांनी स्लिप भरली, आणि तिनंच घोटाळा केला.

झालं असं, की हौसेनं ती स्लिप त्यांनी पाठीमागे न लिहिता पुढच्या बाजूला, इंग्रजीत, नियमाप्रमाणे भरली. मनिला रोप, बारा बंडल. पर्पज : दोन चंद्र एकमेकांना बांधणे. आणि ती काउंटरवर राहिली. पर्चेसच्या फिलिपिनो बाईंनी इतर स्लिपांबरोबर ती उचलली, आमच्या इजिप्शियन इंजिनियरसाहेबांनी वाचल्याशिवाय सही ठोकली, आणि पुढच्या बुधवारी स्टोअरच्या दारात बारा बंडल दोरखंड येऊन पडला.

साहेब स्लिप फडकावत आले. "व्हॉट इज धिस? टू मून्स?"

काकांचा चेहरा एवढासा झाला होता, पण तत्त्व सोडतील तर ते काका कसले. "सर, पर्पज इज रिटन क्लियर. यू साइन."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग पोट धरून हसले. इतके हसले, की पत्र्याच्या भिंतीपलीकडे मी लेथ बंद केलं. "अँड? खलास? दे टाय द मून्स?"

"इंशाल्ला, सर. फ्रायडे."

त्यानंतर प्रत्येक रविवारी, आपली शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून कामावर आल्याआल्या साहेब आधी स्टोअरमध्ये जाऊन चंद्रांची विचारपूस करू लागले. दोरखंडाचं म्हणाल तर बंदरावर दोर कधी वाया जात नाही; दोन महिन्यांत अकरा बंडल खपले. बारावं बंडल काकांनी रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि ते मात्र कुणाला दिलं नाही.

आता विलासबद्दल सांगायलाच हवं.

चिपळूणचा विलास आमचा पिकअप चालवायचा. तो आणि मी एकाच विमानानं इथे आलो. विलासचा चेहरा म्हणजे काचेचं तावदान. मनात आलेलं सगळं बाहेर दिसायचं. उशीर झाला आणि साहेबांनी कारण विचारलं, की हा लाल व्हायचा आणि मी पुढे होऊन तोंडानंच टायर पंक्चर करायचो. उलट मी वरून टणक आणि आतून घाबरट. माझा फॅमिली व्हिसाचा अर्ज तीनदा परत आला, तिन्ही वेळा मी बाहेर हसत होतो, आणि तिन्ही वेळा विलासनं काही न बोलता मला पिकअपमध्ये घालून अरादच्या किल्ल्यापाशी समुद्र दाखवायला नेलं होतं. कवचवाले आणि दीपवाल्यांची युती काकांनी कुठून उचलली होती, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला एक वर्ष लागलं.

पहिल्याच महिन्यात आम्ही दोघांनी मिळून पाच लिटरचा कुकर घेतला होता. त्याची मूठ तुटली तेव्हा मी लेथवर नायलॉनची मूठ करून बसवली. मूळ मुठीपेक्षा ती छान झाली होती, हे मी आजही सांगतो.

एका शुक्रवारी मी ओव्हरटाइम करून आलो तर विलासची खाट रिकामी. त्याचा फॅमिली व्हिसा झाला होता, अरादला त्यानं घर घेतलं होतं, आणि तो सामान घेऊन गेलाही होता. फ्लॅटमध्ये सगळ्यांना आठवडाभर माहीत होतं. मला नव्हतं. आणि ओट्यावर कुकर नव्हता.

"कुकर नेला!" मी ओरडलो. "अर्धा माझा कुकर नेला!"

त्या दिवसापासून मी विलासशी बोलायचं बंद केलं. तो पिकअप घेऊन दारात आला की मी लेथकडे तोंड करायचो. माल तो न्यायचा, मी करायचो. मध्ये निरोप्या म्हणून वायरमन. दोनतीनदा विलास दाराशी घुटमळला. मी मशीनचा स्पीड वाढवला. फ्लॅटमध्ये नवा कुकर आला, तरी मी जेवताना जुन्याचं नाव काढायचो. लोक वैतागून म्हणायचे, "अरे, मफी कुकर, नाही तो आता, खलास! सोड ना आता." मी सोडायला तयार नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी काकांनी वाचायला घेतलं आणि तीनशे वर्षांची युती मोडली. दीपवाले एका दूरच्या ताऱ्याकडे राहायला गेले, आणि जाताना दोरखंडासकट दोन्ही चंद्र ओढून घेऊन गेले. कवचवाल्यांनी युद्ध पुकारलं. चटईवरची चारही माणसं माझ्याकडे बघत होती. मी मांडी बदलली आणि म्हटलं, "बरोबर आहे कवचवाल्यांचं."

ते युद्ध चार महिने चाललं. काकांनी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात कंटाळवाणं युद्ध. कुणी जिंकेना, कुणी हरेना. वायुवाल्यांनी मध्यस्थी केली, शेवाळवाल्यांनी एक शब्द उच्चारायला सुरुवात केली. साहेबसुद्धा रविवारी कंटाळून विचारायचे, "स्टिल फायटिंग? फॉर मून?" काका मान हलवायचे. "नॉट मून, सर. मून इज निमित्त."

आणि तशात बातमी आली, की काकांचा व्हिसा आता पुढे वाढणार नाही. वय झालं होतं. महिनाअखेरीस जायचं.

आम्हाला शुक्रवारांची काळजी लागली. काकांना मात्र वेगळीच काळजी. "लढाई उघडी टाकून मी जावचंय नाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या चहाला त्यांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं, काउंटरवर कोरी स्लिप ठेवली, आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. लाल पेन त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कवचवाल्यांच्या वतीन भर."

मी मुकाट्यानं लिहिलं. आयटम : कुकर. क्वांटिटी : एक. पर्पज : अर्धा माझा आहे.

काकांनी वाचलं आणि फाडलं. "ह्या निमित्त."

दुसरी स्लिप. पर्पज : स्वयंपाकाला लागतो.

"नवो कुकर इलो मां आपल्याकडे?" फाडली.

"मग काय लिहू?" मी चिडलो. "त्यानं न सांगता नेला, हे कमी आहे का?"

काका तिसरी स्लिप सरकवत हळू आवाजात म्हणाले, "काय न सांगता?"

पलीकडे कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. मग मी लिहिलं : घर घेतलं हे त्यानं मला सांगितलं नाही. सगळ्यांत आधी मला सांगायला हवं होतं. मला आनंदच झाला असता.

शेवटचं वाक्य लिहिताना अक्षर बिघडलं. काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि धाडकन शिक्का मारला : इश्यूड. मग ड्रॉवर उघडून दुसरी एक स्लिप काढली. तिच्यावर त्या दिवशी सकाळचीच तारीख होती. अक्षर विलासचं, ओळी सोडून जाणारं.

आयटम : कुकरचा दुसरा मालक. क्वांटिटी : एक. पर्पज : तुझा अर्ज तीनदा परत आला आणि माझा पास झाला. तुझ्यासमोर आलो असतो तर तोंडावरचा आनंद लपला नसता, म्हणून तो आठवडा तू झोपल्यावरच खोलीवर येत राहिलो. चुकलं. कुकर तू भांडायला घरी येशील म्हणून नेला. चार महिने झाले, तू येईनास.

मी वर बघितलं तेव्हा काका रॅकवरचे बोल्ट उगाच मोजत होते. पाठमोरेच म्हणाले, "माल अरादक आसा. स्वतः जावन घेवन ये. यल्ला!"

संध्याकाळी मी अरादला गेलो. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. विलासच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते लिहून सांगण्यात अर्थ नाही. काकांनी दीपवाले तिथूनच घेतले होते. मी शिव्या द्यायचं ठरवून गेलो होतो. तेवढ्यात आतून त्याची बायको पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "हेच का कुकरवाले भावोजी? किती वाट बघायची माणसानं! रोज चार शिट्ट्या जास्त करते मी, म्हटलं ऐकू तरी जाईल." गॅसवर आमचा कुकर होता, माझी मूठ त्याच्यावर शाबूत होती, आणि मी भांडण विसरून मुठीचा स्क्रू ढिला झालाय का ते बघायला लागलो.

काकांचा शेवटचा शुक्रवार अरादलाच झाला. सहाच्या सहा माणसं, वहिनींच्या हातचं कालवण, आणि चटईवर पहिल्यांदाच इंजिनियरसाहेब, मांडी घालता न आल्यामुळे पाय लांब करून. वाचन मराठीत, साहेबांना मी जमेल तसं सांगत होतो. कवचवाल्यांचं आरमार दूरच्या ताऱ्यापाशी पोचलं, आणि बघतात तर काय, वाटेवर दुतर्फा दिवे लावलेले. सेनापती थबकला. लढायला येणाऱ्यासाठी कुणी दिवे लावतं का? त्यानं खाली उतरून पाहिलं तर दोन्ही चंद्र शाबूत, दोरही तसाच, आणि दीपवाल्यांचा सगळा गाव आनंदानं नुसता झगमगत होता. चंद्र नेले ते पाहुणे मागोमाग यावेत म्हणून.

"आय न्यू!" साहेब ओरडले. "नॉट मून!"

जायच्या आदल्या दिवशी काका स्टोअरमध्ये आले ते काउंटरच्या अलीकडून. सामानाची खोकी बांधायला दोर हवा होता. पलीकडे नवा केरळी स्टोअरकीपर उभा होता, आणि अख्खं वर्कशॉप कामं टाकून दाराशी जमलं होतं. काकांनी नियमाप्रमाणे स्लिप भरून पुढे केली. आणि आम्ही सगळे, बंगाली, केरळी, फिलिपिनो, इजिप्शियन, एका सुरात ओरडलो, "कित्याक?"

काका खूश झाले. लाजलेसुद्धा. "खोकी बांधूक," म्हणाले.

"ह्या निमित्त!" विलास ओरडला.

हशा उसळला. काकाही हसले. मग स्लिप परत घेतली, खिशातून लाल पेन काढलं, तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि स्लिप उलटी करून ठेवली. नव्या माणसाला मराठी येत नव्हतं, म्हणून त्यानं ती माझ्याकडे दिली. लिहिलं होतं : माका जावचा नाय.

मी ते साहेबांच्या कानात इंग्रजीत सांगितलं, आणि त्यांनी स्वतः शिडी लावून वरच्या फळीवरचं बारावं बंडल खाली काढलं. खोक्यांना दोन मीटर पुरले असते. साहेबांनी सगळं बंडल दिलं. खरं बोलल्याबद्दल.

आता मी शुक्रवारी अरादला जेवायला जातो. चौथ्या वेळी माझाही व्हिसा झाला, आणि ते मी सगळ्यांत आधी विलासला सांगितलं. जेवण झालं की आम्ही देवगडला व्हिडिओ लावतो. काका पडवीत बसलेले असतात, चष्म्याला तीच गॅस्केटची पट्टी. मागे आंब्याच्या पेट्या आमच्या दोरानं बांधलेल्या दिसतात.

"कित्याक फोन केलंस?" पहिला प्रश्न.

"सहज. तब्येत विचारायला."

"निमित्त."

"आंबा कसा आहे यंदा, म्हटलं विचारावं."

"निमित्त!"

विलास शेजारून हसत असतो, त्याचा चेहरा केव्हाच सगळं सांगून गेलेला असतो. मला मात्र अजून थोडा वेळ लागतो.

"काका," मी म्हणतो, "आठवण आली."

"हां," काका म्हणतात, आणि पडवीतल्या बाकावर मूठ आपटून शिक्का मारतात. "आता बोल."